दीड कोटी मिंक मारले, चौकशी मात्र सहीशिक्क्याची

यूलँडकर

४ नोव्हेंबर २०२० ला डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन टीव्हीवर आल्या आणि देशातले झाडून सगळे मिंक मारायचे, असं जाहीर करून गेल्या. आजारी असोत, धडधाकट असोत, पैदाशीसाठी राखलेले असोत. आकडा दीड कोटीच्या वर. इथली माणसं तेव्हा अठ्ठावन्न लाख.

मी यूलँडात राहतो, म्हणजे डेन्मार्कचा तो जर्मनीला चिकटलेला भाग. बहुतेक मिंक फार्म याच बाजूला होते. त्या हिवाळ्यात बातम्यांत मिंक, जेवणाच्या सुट्टीत मिंक, दुसरा विषय नाही. त्या सगळ्या गदारोळात जे कुणीच बोललं नाही, ते इथे लिहितो आहे. जरा लांबेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मिंक म्हणजे आपल्याकडच्या उदाचा, पाणमांजराचा भाऊबंद. मूळचा उत्तर अमेरिकेतला, एकटा राहणारा, नदी-ओढ्याच्या काठाने शिकार करणारा, पोहण्यात पटाईत. फर मऊ आणि चमकदार, हीच त्याची चूक. एका लांब कोटाला पन्नासएक कातडी लागतात. ती गोळा करून, आकार-रंग-दर्जा लावून विकणारी जगातली सगळ्यात मोठी लिलाव कंपनी, कोपनहेगन फर, ही इथल्या शेतकऱ्यांचीच सहकारी संस्था होती. गिऱ्हाईक मुख्यतः चिनी. २०१३ च्या सुमारास भाव आभाळाला टेकले होते, नंतर असे कोसळले की खर्चही निघेना. कोरोना आला तेव्हा हा धंदा आधीच धापा टाकत होता.

आता पिंजरा. युरोपीय शिफारशीप्रमाणे एका पिंजऱ्याची जमीन २,५५० चौरस सेंटिमीटर, उंची ४५ सेंटिमीटर. चार ए-फोर कागद शेजारी शेजारी मांडा, तेवढी जागा. दूध सुटल्यावर त्यात दोन पिल्लं ठेवता येतात. तळाला तारेची जाळी, म्हणजे घाण खाली पडते आणि माणसाचे झाडण्याचे कष्ट वाचतात. शेजारी पेंढा घातलेली एक पेटी. पिंजऱ्याच्या डोक्यावर मासळी आणि कत्तलखान्यातला टाकाऊ माल वाटून केलेल्या लगद्याचा गोळा थापतात, तो जाळीतून चाटून खायचा. मार्चमध्ये जोड्या लावतात, एप्रिलअखेर-मेमध्ये पिल्लं होतात, नोव्हेंबरात हिवाळी फर भरून आली की गॅस. जेमतेम सहा-सात महिन्यांचं आयुष्य. पोहायला पाणी कधीच नाही.

पाणी नसलं तर काय बिघडतं, असं इथले शेतकरी विचारायचे. पिंजऱ्यातच जन्मलेल्या जनावराला नदी ठाऊकच नाही! त्याचं उत्तर ऑक्सफर्डच्या जॉर्जिया मेसन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्येच दिलं होतं. फार्मवरच्या मिंकना त्यांनी वेगवेगळ्या खोल्या दिल्या: एकात पाण्याचा हौद, एकात उंच फळी, एकात खेळणी, एकात जास्तीची पेटी, एक नुसती रिकामी. प्रत्येक खोलीच्या दारावर वजन टाकत गेले, म्हणजे आत जायला ताकद लावावी लागेल. सगळ्यात जास्त जोर मिंकनी हौदाच्या दाराला लावला. मग हौद बंद करून लघवीतलं कॉर्टिसॉल (ताण आला की वाढणारं संप्रेरक) मोजलं, तर अन्न तोडल्यावर जितकं चढतं जवळपास तितकंच चढलेलं. आणि या सगळ्या मिंकनी जन्मात नदी पाहिलेली नव्हती.

परत २०२० कडे. फार्मांवर विषाणू पसरत होता, माणसांतून मिंकमध्ये आणि मिंकमधून परत माणसांत. उत्तर यूलँडमध्ये बारा जणांत त्याचा बदललेला प्रकार सापडला आणि लस निकामी होईल की काय अशी धास्ती पसरली. हुकूम निघाला. ठरलेल्या मुदतीत जनावरं मारणाऱ्याला माणशी, चुकलं, मिंकशी २० क्रोनरचा (इथलं चलन) 'वेगभत्ता' जाहीर झाला. पोलीस आणि सैन्य मदतीला आलं. चार दिवसांनी कुणीतरी कायदा उघडून बघितला, तर निरोगी कळप मारायचा अधिकार सरकारला नव्हताच. कृषिमंत्री मोगेन्स येन्सन १८ नोव्हेंबरला घरी गेले.

जाळायची भट्टी कमी पडली म्हणून होल्स्टेब्रोजवळ आणि कारुपच्या लष्करी हद्दीत चर खणून चाळीस लाखांच्या आसपास मिंक पुरले. थोड्याच दिवसांत आत गॅस साठून जमीन फुगली आणि मेलेले मिंक वर येऊ लागले. त्यांवर आणखी माती ओढली. शेजारी लोक पोहायला जातात ते तळं, भूजल दूषित होईल म्हणून आरडाओरडा झाला. २०२१ च्या उन्हाळ्यात सगळं परत उकरून जाळलं.

नोव्हेंबरच्याच शेवटी पंतप्रधान कोल्डिंगजवळच्या एका रिकाम्या फार्मला भेट देऊन आल्या आणि कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता त्यांना रडू आलं. बाप आणि मुलगा, दोन पिढ्यांनी उभं केलेलं काम काही दिवसांत मोडलं, असं त्या म्हणाल्या. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. त्या बापलेकांचं दुःखही खरंच. पण मागे रिकाम्या पिंजऱ्यांच्या रांगाच्या रांगा आणि त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही, हे बघताना कसंतरी झालं.

चौकशी आयोगाने २०२२ च्या जूनअखेर हजाराच्या वर पानांचा अहवाल दिला. हुकुमाला कायद्याचा आधार होता का, कोणत्या अधिकाऱ्याला कधी कळलं, पंतप्रधानांचे एसएमएस तीस दिवसांनी आपोआप कसे पुसले जात होते, हे सगळं त्यात आहे. त्यांचं टीव्हीवरचं निवेदन दिशाभूल करणारं होतं असाही शेरा. पाठिंबा देणाऱ्या पक्षाने डोळे वटारले, १ नोव्हेंबरला निवडणूक झाली, बाई परत निवडून आल्या. शेतकऱ्यांच्या भरपाईचा अंदाज १६ ते १९ अब्ज क्रोनर.

सरकारने जनावरं मारली म्हणून देश हादरला. पण २०१९ मध्येही कोटीच्या वर मिंक मेले होते, २०१८ मध्येही, आणि याच नोव्हेंबरच्या गॅसने. त्याला 'हंगाम' म्हणत. मला यातली क्रूरता त्या एका हुकुमात दिसत नाही, ती चार कागदांच्या पिंजऱ्यात दिसते. पण त्यावर आयोग बसत नाही, कारण ते कायदेशीर होतं.

साळुंकी

माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. माणशी-मिंकशी वाचून हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली.

एक शंका: कत्तलीनंतर तरी बंदी आली का डेन्मार्कमध्ये?

यूलँडकर

@साळुंकी, नाही ना! तात्पुरती बंदी होती, ती २०२२ अखेर संपली. १ जानेवारी २०२३ पासून मिंक पाळायला परत मोकळीक आहे. मोजकेच लोक परतले, कारण लिलाव कंपनीने गाशा गुंडाळायला घेतला, यंत्रं गेली, भरपाई खिशात आली आणि भाव काही उठले नाहीत. धंदा बाजाराने आणि विषाणूने संपवला, कायद्याने नाही.

शेजारच्यांनी वेगळं केलं. ब्रिटनने २००० मध्येच कायदा केला. नेदरलँड्सने २०२४ ची मुदत ठरवली होती, कोरोनामुळे ती अलीकडे ओढून २०२१ च्या सुरुवातीला सगळं बंद केलं. नॉर्वेत २०२५ पासून बंद.

तर्कटराव

नेहमीप्रमाणे उलटी बाजू मांडायचं काम आमच्याकडे.

ब्रॉयलर कोंबडी चाळीस दिवसांत कापतात. मिंकला सहा महिने तरी मिळतात. गावच्या पोल्ट्रीत जाऊन बघा, तिथे ए-फोर कागदही नशिबात नसतो. पायात कोल्हापुरी, कंबरेला चामडी पट्टा, लग्नात पैठणी (कोश उकळून काढलेलं रेशीम बरं का!) आणि चर्चा कुणाची, तर डॅनिश मिंकची. फर घालतात श्रीमंत बायका म्हणून फरवर राग काढणं सोपं. कोंबडीवर राग काढला तर रविवार जाईल.

दुसरं, ही जनावरं मासळीचा आणि कत्तलखान्याचा टाकाऊ माल खातात. म्हणजे कचरा कमी होतो. फर पन्नास वर्षं टिकतो. तुमचा खोटा फर म्हणजे प्लास्टिक.

डॉ. गोठेकर

तर्कटराव, कोंबडीचा मुद्दा मान्य. व्यवसायाने गुरांचा डॉक्टर आहे, त्यामुळे पोल्ट्रीत काय चालतं ते मला सांगायला नको. पण एक फरक आहे. कोंबडी, गाय, शेळी ही हजारो वर्षं माणसाबरोबर राहून बदललेली जनावरं. मिंक फार्मवर येऊन शंभरएक वर्षं झाली, तीही रंगासाठी निवडून. फर पिवळी, निळसर, पांढरी झाली, आतला प्राणी तोच राहिला. म्हणून पिंजऱ्यात तो एकाच रेषेत तासन्‌तास येरझाऱ्या घालतो, एकाच जागी डोकं फिरवत राहतो, स्वतःची शेपटी कुरतडतो. हे आम्ही सर्कशीतल्या आणि जुन्या प्राणिसंग्रहालयांतल्या जनावरांत बघतो. गोठ्यातल्या म्हशीत असं क्वचित दिसतं.

गॅसबद्दल: बाहेरून नीटनेटकं दिसतं. चाकावरची पेटी पिंजऱ्यांच्या रांगेतून ढकलत नेतात, एकेक जनावर वरच्या झाकणातून आत टाकतात. पण मिंक बुडी मारणारा प्राणी आहे. कार्बन डायऑक्साइड भरलेल्या जागेत शिरायचं तो टाळतो, हे प्रयोगात दिसलेलं आहे. घुसमट त्याला कळते. कार्बन मोनॉक्साइड त्यामानाने बरा, पण पेटीतलं प्रमाण चुकलं, जनावरं भराभर टाकली, तर अर्धवट मेलेली बाहेर येतात. कोल्ह्यांना तर तोंडात आणि गुदद्वारात इलेक्ट्रोड लावून विजेचा झटका देतात, कारण कातड्याला डाग पडता कामा नये. इथे पद्धत दुखतं किती यावरून ठरत नाही, माल खराब होतो का यावरून ठरते.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये मिंक, कोल्हे, रकून डॉग (कोल्ह्याच्याच कुळातलं जनावर) वगैरेंबद्दल शास्त्रीय मत दिलं. आत्ताची पिंजऱ्याची पद्धत तशीच ठेवली तर यांतले बहुतेक त्रास टाळता येत नाहीत आणि फारसे कमीही करता येत नाहीत, असं त्याचं सार. ही काही प्राणिप्रेमींची संघटना नव्हे.

बापू सातारकर

फिनलंडमध्ये माझा भाचा आहे. तिथले फार्मवरचे ध्रुवीय कोल्हे फोटोत बघितलेत का? रानातला तीन-चार किलोचा प्राणी, फार्मवर वीस किलोच्या घरात नेलेला. कातडं जितकं मोठं तितका भाव, म्हणून चरबी चढवतात. डोळ्यांवर वळ्या, पाय वाकडे. २०२३ मध्ये तिथे कोल्ह्या-मिंकमध्ये बर्ड फ्लू घुसला आणि पुन्हा हजारोंनी मारावे लागले. डेन्मार्कवरून कुणी काही शिकलं म्हणावं, तर तसंही नाही.

तर्कटराव

डॉक्टर, शास्त्रीय मताबद्दल आभार. पण पैठणीचं उत्तर कुणी दिलं नाही :)

यूलँडकर

पैठणीचं उत्तर माझ्याकडे नाही. आईच्या दोन आहेत, मी तिला काही बोलणार नाही. पण सगळं सोडता येत नाही म्हणून काहीच सोडू नये, हे मला पटत नाही. कोल्हापुरीचं चामडं ज्या जनावराचं, ते चपलेसाठी पाळलेलं नसतं. मिंकचं बाकी काहीच कुणाला नको असतं.

आणि टाकाऊ माल खातात म्हणून पर्यावरणाचं भलं, ही इथल्या धंद्याची पाठ केलेली ओळ. दीड कोटी मांसाहारी जनावरांचा मैला कुठे जातो तेही विचारा.

मेळघाटी

चर्चा युरोपात अडकली आहे, जरा इकडे आणतो.

२००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यातले सगळे वाघ संपले, आठवतं? तेव्हा सगळ्यांचं बोट चिनी औषधांकडे होतं. हाडांबाबत ते खरंच होतं. पण कातडी कुठे जात होती, हे २००५ मध्ये समोर आलं. वन्यजीव कार्यकर्त्या बेलिंडा राइट यांची संस्था आणि लंडनची एक तपास संस्था तिबेटात गेल्या. लिटांगच्या घोड्यांच्या जत्रेत लोक वाघ, बिबट्या आणि उदाच्या कातड्यांची किनार लावलेले अंगरखे घालून मिरवत होते. तिथल्या लोकांच्या हातात नुकता पैसा आला होता आणि रुंद किनार म्हणजे प्रतिष्ठा. कातडी भारतातली. संसारचंद, ज्याचं नाव या धंद्यात सगळ्यात वर घेतलं जायचं, तो त्याच वर्षी दिल्लीत पकडला गेला.

आता पुढचं ऐका. २००६ च्या जानेवारीत आंध्रातल्या अमरावतीला दलाई लामांचं कालचक्र प्रवचन झालं. तिबेटातूनही हजारो भाविक आले होते. तिथे त्यांनी सांगितलं की हे कातडं अंगावर घालणं शोभत नाही, तुमचे असे फोटो बघून मला लाज वाटते. लोक घरी गेले आणि काही आठवड्यांत तिबेटात गावोगाव चौकात कातड्यांच्या होळ्या पेटल्या. वर्षाच्या कमाईपेक्षा महाग अंगरखे लोकांनी आगीत टाकले. चिनी पोलिसांनी जाळणाऱ्यांना पकडलंसुद्धा, कारण दलाई लामांचं ऐकलं!

वाघाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण तेव्हाही होतं. शिकार त्याने थांबली नव्हती. मागणी तुटली ती लाजेने. यूलँडकर म्हणतात तसं डेन्मार्कमध्ये बाजाराने संपवलं. इथे बाजारच लाजवला गेला. माझं मत: फर फक्त कायद्याने संपत नाही.

(उदाचं कुणी नाव घेत नाही, वाघाच्या गर्दीत. हिमालयाच्या पायथ्याच्या कितीतरी नद्यांवरून ऊद याच काळात गायब झाले.)

निर्गुडी

मेळघाटी, खणखणीत प्रतिसाद.

शहातूशचंही असंच. अंगठीतून जाणारी शाल म्हणून मिरवायची. व्यापारी सांगत की हरणाची लोकर झुडपांना अडकते, ती गोळा करतात. वन्यजीव अभ्यासक जॉर्ज शॅलर तिबेटच्या पठारावर फिरले आणि सत्य बाहेर आलं: चिरू (तेच ते तिबेटी हरीण) मारूनच लोकर काढतात, एका शालीला तीन-चार जनावरं. झुडपांचं म्हणाल तर त्या उंचीवर धड झुडपंच नाहीत. आमच्या नात्यात एक शाल आहे. लग्नाच्या फोटोपुरती बाहेर यायची, आता तीही येत नाही. विकता येत नाही, भेट देता येत नाही, डांबराच्या गोळ्यांत पडून आहे.

रंगपेटी

मी चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं. मेळघाटींच्या प्रतिसादामुळे हे लिहिते आहे, कारण आपला स्वतःचा फर उद्योग आपल्या दप्तरात आहे आणि त्याचं नाव मुंगूस.

बरीच वर्षं चित्रकारांकडे 'मुंगसाच्या केसांचा ब्रश' हा चांगल्या ब्रशचा मानदंड होता. ताठ, पाणी छान धरणारा, टोक न सोडणारा. एका मुंगसाच्या अंगावर कामाचे केस निघतात मूठभर, त्यामुळे ब्रशांच्या एका गठ्ठ्यामागे बरीच मुंगसं जातात. फासे लावून धरतात, दांडक्याने मारतात, केस उपटतात. ते केस जायचे उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातल्या शेरकोटला, जिथे घरोघरी ब्रश बनतात. मुंगूस वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्याचे केस विकणं आणि बाळगणंही गुन्हा. तरी ब्रश दुकानात मिळायचे, कधी दुसऱ्याच नावाने. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर छापे घातले, तेव्हा अनेक चित्रकारांना पहिल्यांदा कळलं.

ओळखायचं कसं: नायलॉनचा केस मुळापासून टोकापर्यंत एकसारखा आणि चकचकीत असतो. मुंगसाच्या प्रत्येक केसावर गडद-फिकट पट्टे असतात, भिंग धरलं की सरळ दिसतात. हल्ली चलाख लोक नायलॉनही तसं रंगवतात, म्हणून शंका आली तर घेऊच नका. आजचे सिंथेटिक ब्रश जलरंगाला पुरेसे चांगले आहेत. बक्षिसं त्यावरही मिळतात, माझ्या मुलांनी मिळवली आहेत.

तर्कटराव

मुंगसाचं माहीत नव्हतं. बाई, आमच्याकडे वडिलांचे जुने ब्रश आहेत. जाळायचे का आता तिबेटी लोकांसारखे?

रंगपेटी

जाळू नका, विकूही नका, कुणाला देऊही नका. वनविभागाच्या कार्यालयात विचारा, ते सांगतील ते करा. आणि फोटो काढून इथे टाकू नका म्हणजे झालं.

साळुंकी

अवांतर: मनालीला हिडिंबा मंदिरासमोर बायका अंगोरा ससे हातात देऊन फोटो काढायला लावतात, ते पण यातच येतं का? लेकीने एक घेतला होता कडेवर, तिला सोडवेना.

डॉ. गोठेकर

तिथली लोकर सहसा कात्रीने काढतात, ससा जिवंत राहतो. कुलूजवळ गरसाला केंद्र सरकारचं संशोधन केंद्रही आहे अंगोरासाठी. २०१३ मध्ये बाहेर आलेला व्हिडिओ चीनमधला होता, जिवंत सशाची लोकर मुठीने उपटतानाचा, त्यानंतर मोठमोठ्या ब्रँडनी अंगोरा बंद केला. मंदिरासमोरच्या सशाचा त्रास वेगळा: दिवसभर दोनशे हातांतून फिरायचं, ऊन, गोंगाट. ससा भित्रा प्राणी, तो ओरडत नाही, आखडून बसतो. लोकांना वाटतं किती शांत आहे!

बापू सातारकर

पण भारतात फर येतो तरी का? इथल्या उकाड्यात घालणार कोण?

यूलँडकर

बापू, २०१७ च्या जानेवारीत भारताने मिंक, कोल्हा आणि चिंचिलाच्या कातड्यांची आयात बंद केली, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातड्यांसकट. त्यामुळे कोट वगैरे विषय मिटल्यात जमा. मला धास्ती बारीकसारीक वस्तूंची वाटते: जॅकेटच्या टोपीची झालर, किल्लीला लटकवायचा गोंडा, टोपीवरचा बोंडा. युरोपात 'खोटा फर' म्हणून विकलेल्या अशा वस्तूंत चाचणीनंतर रकून डॉग, ससा, मिंक निघालेले आहेत. खरा फर खोट्यापेक्षा स्वस्त पडतो म्हणून. म्हणजे पिंजऱ्यातलं जनावर प्लास्टिकपेक्षा स्वस्त!

निर्गुडी

मग ओळखायचं कसं? परवाच ऑनलाइन असा गोंडा मागवला आहे.

यूलँडकर

केस फुंकर मारून बाजूला करा आणि मूळ बघा. कापडाची वीण दिसली तर खोटा, कातडं दिसलं तर खरा. टोकं बघा: खऱ्याची निमुळती होत जातात, खोट्याची बहुधा कापल्यासारखी बोथट. तरी कळलं नाही तर दोन-चार केस चिमट्यात धरून सिंकवर जाळा. जळक्या केसांचा वास आला तर खरा, प्लास्टिकचा वास येऊन टोकाला कडक गोळी झाली तर खोटा. गोंडा हातात धरून जाळू नका.

निर्गुडी

वीण दिसली. हुश्श! आता प्लास्टिकवरून तर्कटरावांनी झोडपायला हरकत नाही.